जुलै कप: सहा फर्लांगांची शर्यत पाहायला शिकताना

इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला दरवर्षी जुलैच्या साधारण मध्यावर, शनिवारी दुपारी, जुलै कप ही शर्यत होते. अंतर सहा फर्लांग, म्हणजे 1207 मीटर. मैदान कोरडं असेल तर पहिला घोडा 1 मिनिट 9 ते 11 सेकंदांत रेषा ओलांडतो. उभ्या जागेवरून सुटूनही सरासरी वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर जातो. 1876 पासून ही शर्यत चालत आली आहे. युरोपात या घडीला सगळ्यात वेगवान घोडा कोणता, असा प्रश्न निघाला की जाणकार आजही आधी जुलै कपाचा निकाल काढून बघतात.

नवख्या माणसाची अडचण अशी की सगळं फार लवकर संपतं. दीड मैलाच्या डर्बीत एखादा घोडा नजरेतून निसटला तर पुन्हा शोधायला सवड असते. इथे दुर्बीण डोळ्याला लावून जॉकीचे रंग ओळखेपर्यंत निम्मी शर्यत झालेली असते. म्हणून जुलै कपाची खरी मजा घ्यायची तर बहुतेक काम आधी उरकावं लागतं. मैदान कसं आहे, कोणत्या रक्ताचे घोडे आहेत, कोणावर किती वजन आहे, जूनमध्ये कोण कसा पळाला, पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणात, कोण कसा चालतोय, हे सगळं डोक्यात असेल तरच त्या सत्तर सेकंदांत काहीतरी दिसतं. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना यातले बरेच शब्द ओळखीचे वाटतील. कधीच रेस न पाहिलेल्यांसाठी मी ते उलगडून लिहिले आहेत.

पहिली पायरी: मैदान डोळ्यांसमोर आणा

न्यूमार्केट लंडनपासून उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, केंब्रिजच्या जवळ आहे. सतराव्या शतकात राजा दुसरा चार्ल्स इथे दरबारासह मुक्काम टाकायचा आणि स्वतः घोड्यावर बसून शर्यतीत उतरायचा. तेव्हापासून गावाचा मुख्य धंदा घोडा हाच. गावात रेसची दोन मैदानं आहेत. वसंतात आणि शरदात रौली माइल वापरतात, उन्हाळ्यात जुलै कोर्स. दोन्हींच्या मधून डेव्हिल्स डाइक नावाचा अँग्लो-सॅक्सन काळातला मातीचा उंच बांध जातो, एकूण लांबी सुमारे बारा किलोमीटर. दोन्ही महायुद्धांत डर्बीचं नेहमीचं मैदान एप्सम बंद होतं तेव्हा इंग्लंडची डर्बी याच जुलै कोर्सवर धावली.

जुलै कपाच्या सहा फर्लांगांत एकही वळण नाही. घोडे नाकासमोर सरळ पळतात. जमीन मात्र सपाट नाही. रेषेच्या अलीकडे उतार लागतो आणि मग शेवटचा फर्लांग चढाचा आहे. टीव्हीवर हा चढ जवळजवळ दिसत नाही, आणि नवखे फसतात ते इथेच. उतारावर सगळ्यांत पुढे सुसाट निघालेला घोडा जिंकलाच असं वाटतं आणि शेवटच्या दोनशे मीटरांत त्याचे पाय जड होतात. पाच फर्लांगांच्या सपाट मैदानांवर भन्नाट पळणारे घोडे इथे चौथे-पाचवे येतात ते याच चढामुळे. उलट मैलाची दमछाक पेलणारा, पण मुळात चपळ असलेला घोडा इथे फुलतो. 2022 ची विजेती अल्कोहोल फ्री ही घोडी त्याआधी मैलाच्या मोठ्या शर्यती जिंकलेली होती.

या मैदानाचं रूपही वेगळं आहे. गवताने शाकारलेली छपरं, जुन्या मोठ्या झाडांची सावली आणि त्या सावलीत शर्यतीआधी फिरवले जाणारे घोडे. रॉयल अ‍ॅस्कॉटचा टोपी-कोटांचा थाट (तो जूनमधला मोठा रेस-सोहळा) इथे नाही. लोक उन्हाळ्याच्या हलक्या कपड्यांत येतात. तरी तिकीट कोणत्या भागाचं आहे त्याप्रमाणे पोशाखाचे नियम थोडे बदलतात, ते आधी वाचून घ्या.

दुसरी पायरी: रक्त ओळखा

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण जुलै कपाची परंपरा रक्तात चालते. इथे जिंकलेला कोल्ट, म्हणजे तरुण नर घोडा, पुढच्या हंगामात बहुधा स्टड फार्मवर, म्हणजे पैदाशीसाठी, जातो आणि तीन-चार वर्षांनी त्याची पोरं याच मैदानावर उतरतात. विजेत्यांची यादी वाचताना बाप-लेक-नातू असे धागे सापडू लागले की ही शर्यत आपलीशी वाटायला लागते.

सुरुवात स्प्रिंगफील्डपासून करा. 1876 आणि 1877, पहिले दोन्ही जुलै कप त्याचे. 1877 मध्येच न्यूमार्केटला दहा फर्लांगांची चॅम्पियन स्टेक्स ही नवी शर्यत सुरू झाली आणि तीही त्यानेच मारली, त्या वर्षीच्या डर्बी विजेत्या सिल्व्हिओला हरवून. सहा फर्लांगांचा घोडा दहा फर्लांगांत डर्बीवाल्याला मागे टाकतो, हे आजच्या काळात कोणी करून पाहणारही नाही.

मग सन्ड्रिज. 1902, 1903, 1904 असे सलग तीन जुलै कप. तीनदा जिंकणारा आजवर तो एकटाच. त्याचा मुलगा सनस्टार 1911 ची डर्बी जिंकला. पण मला सन्ड्रिजची जास्त आठवण होते ती त्याच्या लेकीमुळे. लेडी जोसेफीन तिचं नाव. तिला झालेलं सब्जा, म्हणजे करड्या, रंगाचं मादी शिंगरू 1922 मध्ये डॉन्कास्टरच्या लिलावात 9100 गिनींना (एक गिनी म्हणजे 1 पौंड 5 पेन्स) विकलं गेलं. घेणारे होते तिसरे आगाखान, ज्यांनी 1892 मध्ये पुण्यात आगाखान पॅलेस बांधला तेच. त्या घोडीचं नाव ठेवलं मुमताज महल.

मुमताज महल दहा शर्यती पळाली, सात जिंकली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिला उडती घोडी म्हटलं. जुलै कपाच्या यादीत तिचं नाव नाही, पण तिच्या नातवाचं आहे. तिची मुलगी रुस्तम महल आणि रुस्तम महलचा मुलगा अ‍ॅबरनंट. आजीसारखाच सब्जा. 1949 आणि 1950 चे जुलै कप त्याने जिंकले. 1949 मध्ये मैलाच्या 2000 गिनीज या शर्यतीत तो अगदी थोडक्यात, शॉर्ट हेडने हरला होता. पुढे सहा फर्लांगांवर आल्यावर त्याला आवरणारं कोणी उरलं नाही. म्हणजे सन्ड्रिजने तीनदा जिंकलेला कप त्याच्याच वंशातल्या घोड्याने साडेचार दशकांनी पुन्हा दोनदा उचलला, आणि मधला दुवा होती ती एका पुणेकर वास्तूच्या मालकाची घोडी.

अ‍ॅबरनंटचे ट्रेनर नोएल मर्लेस यांच्याकडून आणखी एक धागा आपल्याकडे येतो. 1952 मध्ये त्यांनी न्यूमार्केटमधला वॉरन प्लेस हा नामांकित तबेला घेतला, तो बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्याकडून. महाराजांनी 1945 मध्ये सयाजीराव नावाने पुढे गाजलेलं शिंगरू 28,000 गिनींना घेतलं होतं. तो त्या काळातला विक्रमी भाव होता, आणि घोड्याने 1947 ची सेंट लेजर ही मोठी शर्यत जिंकून तो सार्थ केला. पुढच्याच वर्षी महाराजांच्या माय बाबूने न्यूमार्केटला 2000 गिनीज मारली. मराठी घराण्याचे रंग न्यूमार्केटच्या विनर्स एन्क्लोजरमध्ये दिसत होते तो हा काळ. आपल्याकडे क्रिकेटच्या जुन्या गोष्टी तोंडपाठ असणारे खूप भेटतात. ही गोष्ट सांगणारे फार कमी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अलीकडच्या काळासाठी एकच नाव लक्षात ठेवलं तरी पुरे: डॅन्झिग. हा अमेरिकेतला स्टॅलियन, म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेला नर. स्वतः फक्त तीन शर्यती पळाला आणि तिन्ही जिंकला. त्याच्या पोरांनी जुलै कप अक्षरशः घरचा करून टाकला: 1986 ला ग्रीन डेझर्ट, 1991 ला पोलिश पेट्रियट, 1993 ला हमास, 1996 ला अनाबा, 1998 ला एलनादिम आणि 2000 ला जपानहून आलेला अ‍ॅग्नेस वर्ल्ड. यातल्या ग्रीन डेझर्टचा मुलगा ओएसिस ड्रीम 2003 मध्ये जिंकला आणि ओएसिस ड्रीमचा मुलगा मुहारार 2015 मध्ये. आजोबा, बाप, नातू, तिघांच्या नावावर एकच शर्यत.

अनाबाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. लहानपणी त्याच्या मणक्याचं दुखणं इतकं वाढलं की तो पळेल असं कोणालाच वाटेना. दुबईच्या मक्तूम घराण्यातल्या मालकांनी तो फ्रान्सच्या हेड कुटुंबाला देऊन टाकला. घोडा बरा झाला. 1996 मध्ये क्रिकेट हेड या ट्रेनर बाईंनी त्याला न्यूमार्केटला आणलं, त्यांचा भाऊ फ्रेडी हेड त्याच्यावर बसला आणि जुलै कप फ्रान्सला गेला. पुढे याच अनाबाची मुलगी गोल्डिकोव्हा फ्रेडी हेडनेच तयार केली आणि तिने 2008, 2009, 2010 अशी सलग तीन वर्षं अमेरिकेतली ब्रीडर्स कप माइल जिंकली.

जॉकींमध्ये लेस्टर पिगट यांच्या जवळपास कोणी नाही. दहा जुलै कप. पहिला 1957 मध्ये व्हिगोवर, शेवटचा 1992 मध्ये मिस्टर ब्रूक्सवर, तेव्हा त्यांचं वय 56 होतं. मधली पाच वर्षं तर ते निवृत्त होते. 1990 च्या ऑक्टोबरमध्ये परतले आणि परतल्यावर बाराव्या दिवशी रॉयल अ‍ॅकॅडमीवर बसून ब्रीडर्स कप माइल जिंकले. रॉयल अ‍ॅकॅडमी हाही त्याच वर्षीचा जुलै कप विजेता, मात्र न्यूमार्केटला त्याच्यावर जॉन रीड होते. त्याचे ट्रेनर आयर्लंडचे व्हिन्सेंट ओब्रायन. एडन ओब्रायन हे आजचे मोठे ट्रेनरही आयर्लंडचेच आणि दोघांच्या खात्यावर पाच-पाच जुलै कप, पण दोघांचं नातं काही नाही. नवखे इथे हमखास गोंधळतात.

तिसरी पायरी: कोण पळू शकतो, कोणावर किती वजन

नियम थोडे आहेत. तीन वर्षं आणि त्यावरच्या वयाचे घोडे, नर-मादी दोन्ही. गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला घोडा, यालाही परवानगी आहे. डर्बीसारख्या क्लासिक शर्यतींत ती नसते. 1978 पासून शर्यतीला ग्रुप 1 हा सर्वोच्च दर्जा आहे. त्या दर्जाचा पहिला विजेता सॉलिनस.

हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सगळ्यांना बरोबरीत आणायचा प्रयत्न असतो. जुलै कपात तसं काही नाही. फक्त वय आणि लिंग पाहून वजन ठरतं. तीन वर्षांच्या घोड्यांना मोठ्यांपेक्षा साधारण सहा पौंड कमी आणि नरांपेक्षा माद्यांना तीन पौंड कमी. सहा पौंड म्हणजे पावणेतीन किलो. किरकोळ वाटतं, पण शेवटच्या चढावर तेच अंगावर येतं.

2015 ते 2025 या अकरा जुलै कपांत पाच विजेते तीन वर्षांचे होते आणि सहा चार वर्षांचे. पाच वर्षांचा शेवटचा विजेता 2014 चा स्लेड पॉवर. अनुभवी घोडे वाईट पळतात असं यातून समजू नका. ज्या कोल्टची किंमत स्टड फार्मवर वाढलेली असते तो पाचव्या वर्षापर्यंत मैदानावर राहतच नाही, हे त्यामागचं मोठं कारण.

चौथी पायरी: रेसकार्ड वाचा

आपल्याकडे रेसबुक म्हणतात तसं तिथे रेसकार्ड. घोड्याच्या नावाशेजारी आकड्यांची माळ असते, उदाहरणार्थ 12-311. डावीकडून उजवीकडे वाचायची, अगदी उजवीकडचा आकडा सगळ्यात ताज्या शर्यतीतला क्रमांक. आडवी रेघ म्हणजे मध्ये हंगाम बदलला. शून्य म्हणजे दहावा किंवा त्याहून मागे.

नावापुढे सी, डी अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर थांबून बघा. सी म्हणजे हा घोडा याच मैदानावर आधी जिंकलाय, डी म्हणजे याच अंतरावर जिंकलाय. सीडी एकत्र असेल तर इथला चढ त्याने पाहिलेला आहे. बीएफ म्हणजे मागच्या वेळी फेव्हरिट असून हरला. वजनाजवळची बारीक अक्षरं घोड्याच्या तोंडावरच्या साजाची: बी म्हणजे ब्लिंकर्स, पी म्हणजे गालाजवळचे चीकपीसेस, टी म्हणजे जीभ बांधलेली, एच म्हणजे कानटोपी.

दोन नंबरांची गल्लत करू नका. घोड्याच्या पाठीवरच्या कापडाचा नंबर एक आणि स्टॉलचा, म्हणजे घोडा जिथून सुटतो त्या कप्प्याचा, नंबर वेगळा. स्टॉलच्या नंबराला ड्रॉ म्हणतात, तो सोडतीने ठरतो. सरळ मैदानावर ड्रॉ महत्त्वाचा का? घोडे जास्त असले की कधी कधी दोन टोळ्या पडतात, एक एका रेलिंगलगत, दुसरी पलीकडच्या. ज्या बाजूचं गवत त्या दिवशी जास्त टणक असेल किंवा जिथे आघाडी धरून वेग ठेवणारा घोडा असेल, ती टोळी पुढे निघते. त्याच मैदानावर आधी झालेल्या सरळ शर्यतींत कोणती बाजू चालतेय हे बघून ठेवा. त्याच शनिवारी सात फर्लांगांची बन्बरी कप नावाची मोठी हँडिकॅप असते आणि त्यात घोड्यांची गर्दी असते, त्यामुळे ती याच कामाला फार उपयोगी पडते.

मैदानाच्या अवस्थेला गोइंग म्हणतात: टणकाकडून मऊकडे जाताना फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. पुण्यात जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो, काम तेच. जुलैत न्यूमार्केटला बहुधा गुड टू फर्म असतं. आदल्या दिवशी पाऊस झाला तर मात्र सगळा हिशेब नव्याने मांडा.

पाचवी पायरी: जूनचे निकाल आणि सकाळचं गाव

जुलै कपाआधीच्या तीन-चार आठवड्यांत रॉयल अ‍ॅस्कॉट होतं. तिथल्या तीन शर्यती बघून ठेवल्या की निम्मं काम झालं: पाच फर्लांगांची किंग चार्ल्स द थर्ड स्टेक्स, जी आधी किंग्ज स्टँड म्हणून ओळखली जायची; चार वर्षं आणि वरच्या घोड्यांची सहा फर्लांगांची क्वीन एलिझाबेथ द सेकंड ज्युबिली; आणि 2015 पासून सुरू झालेली, फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची कॉमनवेल्थ कप. पहिलीच कॉमनवेल्थ कप मुहारार जिंकला आणि तीन आठवड्यांनी जुलै कपही. अ‍ॅस्कॉटला जे तीनवर्षी घोडे आपल्याच वयात पळाले ते न्यूमार्केटला पहिल्यांदा मोठ्यांसमोर येतात. जुलै कपाचा खरा पेच हाच.

गावात एक रात्र मुक्काम करता आला तर जरूर करा. सकाळी लवकर उठून वॉरन हिलच्या पायथ्याशी जा. गावातल्या तबेल्यांतून घोड्यांच्या रांगा बाहेर पडतात, रस्ते ओलांडतात, गाड्या त्यांच्यासाठी थांबतात आणि मग जोडीजोडीने घोडे टेकडी चढत गॅलप घेतात. पाहायला तिकीट नाही. घोड्यांपासून लांब उभं राहायचं, आवाज करायचा नाही, छत्री उघडायची नाही, एवढं पाळलं की झालं. राष्ट्रीय अश्वशर्यत संग्रहालय गावातच पॅलेस हाऊसमध्ये आहे. नॅशनल स्टड जुलै कोर्सच्या शेजारीच आहे आणि तिथे स्टॅलियन आणि शिंगरं दाखवणाऱ्या सहली निघतात. त्याच आठवड्यात टॅटरसॉल्सचा जुलैचा घोडेलिलावही चालू असतो. लिलावाचा पुकारा अजून गिनींत होतो. अल्कोहोल फ्री हीच जुलै कप विजेती 2022 च्या डिसेंबरमध्ये टॅटरसॉल्सकडे 54 लाख गिनींना विकली गेली.

लंडनहून आगगाडीने केंब्रिजला या आणि तिथे गाडी बदलून न्यूमार्केटला उतरा. रेसच्या दिवशी परतीच्या गाड्यांना गर्दी होते, वेळ आधी पाहून ठेवा.

सहावी पायरी: पॅडॉकमध्ये डोळे उघडे ठेवा

बहुतेक नवखे पॅडॉककडे पाठ करून बुकीच्या पाटीकडे बघत बसतात. माझा आग्रह आहे की निदान वीस मिनिटं पॅडॉकच्या कठड्याला उभे राहा. आधी झाडांखालच्या आतल्या रिंगणात घोडे फिरतात, तिथे खोगीर चढतं, मग मुख्य पॅडॉकमध्ये येतात.

स्प्रिंटरची, म्हणजे कमी अंतराच्या घोड्याची, अंगाची ठेवण लांब पल्ल्याच्या घोड्यापेक्षा वेगळी असते. छाती रुंद, पाठ आखूड, मागचा पुठ्ठा भरलेला. मागून बघा: मागच्या पायांच्या वरच्या भागाला, मांडीच्या बाहेरून, स्नायूंची जाडी शेपटीच्या दोन्ही बाजूंना फुगून आलेली दिसते. सुटताना पहिला रेटा तिथूनच येतो. मग बाजूने चाल बघा. मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर पडतो की तिच्याही पुढे? पुढे पडत असेल तर घोडा मोकळा आहे, अंग आखडलेलं नाही.

घाम बघताना जागा महत्त्वाची. जुलैत मानेवर थोडा घाम येणारच. मागच्या मांड्यांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस दिसला तर घोडा शर्यतीआधीच जीव जाळतोय. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन सईस असतील, तर तबेल्यालाही ते ठाऊक आहे असं समजा. लाल कानटोपी घातलेला घोडा दिसला तर ती फक्त सुरुवातीच्या जागेपर्यंत आहे, शर्यतीत ती निघते. आवाजाने बिथरणाऱ्यांना ती घालतात. आणि यातलं एकच लक्षण धरून घोड्याला बाद करू नका. 2023 चा शकील अ‍ॅस्कॉटला स्टॉल उघडताना उभा राहिला, जुलै कपातही उशिरा सुटला, आणि तरी दोन्ही जिंकला. स्प्रिंटमध्ये मागून सुटणं म्हणजे मरण असं मानणाऱ्यांनी ती शर्यत पुन्हा पाहावी.

सातवी पायरी: भाव, थोडक्यात

तिथे भाव अपूर्णांकात सांगतात. 7/2 म्हणजे दोन पौंड लावले तर सात पौंड नफा, शिवाय लावलेले दोन परत. ईच-वे म्हणजे एकाच घोड्यावर दोन सारख्या पैजा, एक जिंकण्याची आणि एक प्लेसची. पाच पौंड ईच-वे म्हटलं की खिशातून दहा जातात. आठ किंवा जास्त घोडे पळाले तर पहिल्या तिघांना प्लेस, भावाच्या एक पंचमांशाने. पाच ते सात असतील तर पहिल्या दोघांना, एक चतुर्थांशाने. वय 18 पूर्ण हवं. पाहण्याचा आनंद पैसे न लावताही तेवढाच मिळतो आणि पहिल्या वर्षी मी कोणालाही तोच सल्ला देईन. भारतात बसून परदेशी वेबसाइटवर पैसे लावायच्या भानगडीत तर पडूच नका.

मोठ्या भावाचा घोडा नुसता आकडा बघून खोडू नका. 2025 ला नो हाफ मेझर्स ही घोडी 66 ला 1 या भावाने जिंकली.

आठवी पायरी: सत्तर सेकंद

मैदानावर असाल तर रेषेच्या अगदी समोर उभं राहू नका. तिथून सरळ मैदानातले घोडे तोंडासमोरून येताना दिसतात आणि कोण पुढे आहे तेच कळत नाही. सुरुवातीचे चार फर्लांग मोठ्या पडद्यावर बघा, मग नजर मैदानावर आणा. घरून पाहत असाल तर ब्रिटनमध्ये आयटीव्ही या वाहिनीवर शर्यत दिसते. वेळ बहुधा तिथल्या दुपारी साडेचारच्या आसपास, म्हणजे भारतात रात्री नऊच्या सुमारास.

एक गोष्ट समजली की स्प्रिंट पाहण्याची नजरच बदलते. स्प्रिंटमधला सगळ्यात वेगवान फर्लांग बहुधा दुसरा किंवा तिसरा असतो. त्यानंतर सगळेच घोडे मंदावत जातात. शेवटी मागून झेप घेऊन आला असं आपल्याला वाटणारा घोडा प्रत्यक्षात वेग वाढवत नसतो. त्याचा वेग इतरांपेक्षा कमी घटलेला असतो. त्यामुळे जॉकीचं खरं कौशल्य मधल्या दोन फर्लांगांत असतं. तिथे ज्याने घोड्याला मोकळा पळू दिला पण पिळून काढलं नाही, त्याच्याकडे चढासाठी काही शिल्लक राहतं.

म्हणून असं करा. सुटताना फक्त तुमचे दोन निवडलेले घोडे नीट सुटले का ते बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फर्लांगात जॉकींचे हात बघा: लगाम घट्ट धरून शांत बसलाय की आत्ताच हात हलायला लागलेत? उतार लागला की कोणाचा घोडा तोल सांभाळत सरळ येतोय आणि कोणाचा बाजूला सरकतोय ते टिपा. चढाला लागेपर्यंत ज्याचे हात स्थिर, तो बघत राहा.

अंतर लेंथमध्ये मोजतात, एक लेंथ म्हणजे घोड्याची लांबी, सुमारे अडीच मीटर. या वेगात एक लेंथ म्हणजे सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा. त्याहून कमी असेल तर नेक, हेड, शॉर्ट हेड, नोज. मुहारार ट्रॉपिक्सच्या पुढे फक्त नोजने राहिला होता, फोटो पाहूनच निकाल लागला. फोटो पुकारला की पावती फाडू नका.

नववी पायरी: त्याच संध्याकाळी पुन्हा पाहा

शर्यत संपल्यावर खोगीर उतरवायच्या जागेकडे जा. पहिल्या चौघांच्या पाट्या तिथे लावलेल्या असतात. ट्रेनर आणि जॉकी काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या घोड्याचे. 'जागा मिळाली नाही', 'अंतर कमी पडलं', 'मैदान फार टणक होतं' यातलं कोणतं कारण आलं ते वहीत लिहा.

मग रात्री चित्रफीत पुन्हा लावा आणि या वेळी विजेत्याला बघायचंच नाही. जो सहावा-सातवा आला पण चढावर इतरांइतका मंदावला नाही, अशा एका घोड्याचा माग काढा. ऑगस्टमध्ये यॉर्कला पाच फर्लांगांची नन्थॉर्प होते, सप्टेंबरमध्ये हेडॉकला सहा फर्लांगांची स्प्रिंट कप, ऑक्टोबरमध्ये अ‍ॅस्कॉटला ब्रिटिश चॅम्पियन्स स्प्रिंट. यॉर्क सपाट आणि जलद आहे, तिथे जुलै कपाच्या चढाला दमलेला शुद्ध वेगाचा घोडा उलटून येतो. हेडॉकला सप्टेंबरात मैदान मऊ असण्याची शक्यता जास्त. तुमच्या वहीतली कारणं या तिन्ही ठिकाणी ताडून बघता येतात. तीन वर्षांच्या घोड्यांना मिळणारी वजनाची सवलत हंगाम पुढे सरकेल तशी कमी होत जाते, तोही आकडा शेजारी लिहून ठेवा.

पुण्याचा हंगामही जुलैतच सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. न्यूमार्केटला जाणं जमणार नसेल तर पुणे रेसकोर्सवर 1200 मीटरची एखादी शर्यत निवडा, अंतर जवळजवळ तेच आहे. वळण असल्यामुळे ड्रॉचा हिशेब बदलेल, पण पॅडॉक, गोइंग, जॉकीचे हात हे सगळं याच क्रमाने पाहता येतं. देशातला या अंतराचा मोठा सामना म्हणजे इंडियन टर्फ इन्व्हिटेशन कपाच्या आठवड्याअखेर होणारी 1200 मीटरची स्प्रिंटर्स कप. ती दर वर्षी वेगळ्या शहरात असते, त्यामुळे मुंबईची पाळी कधी आहे त्यावर लक्ष ठेवा.